शहापूर–मुरबाड परिसरातील बिबट्या

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत, विशेषतः डोळखांब, किन्हवली, टोकावडे आणि माळशेज घाटाच्या पायथ्याच्या पट्ट्यात, भारतीय बिबट्या (शास्त्रीय नाव: पँथेरा पार्डस फुस्का) हा आज आढळणारा सर्वांत मोठा मांसभक्षक वन्य प्राणी आहे. पट्टेरी वाघाचा कायमचा वावर या भागातून नाहीसा झाल्यावर अन्नसाखळीच्या टोकाची जागा एकट्या बिबट्याकडे आली. शिकारबंदीनंतर सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना बिबट्या पुन्हा गावशिवारांत दिसू लागला. त्याच्या या वावराचे परिणाम वन्य भक्ष्य प्राणी, भटकी कुत्री, पाळीव जनावरे आणि मानवी समाज अशा चारही घटकांवर होतात.

घाटमाथ्यापलीकडील अकोले व जुन्नर तालुके आणि पश्चिमेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथे बिबट्यावर सविस्तर संशोधन झाले आहे. शहापूर–मुरबाडचा पट्टा या क्षेत्रांच्या मधोमध असल्याने त्या संशोधनाचे निष्कर्ष या परिसरासाठीही महत्त्वाचे मानले जातात.

भौगोलिक पार्श्वभूमी

डोळखांब हे शहापूर तालुक्याच्या पूर्व भागातील, सह्याद्रीच्या पायथ्यालगतचे गाव आहे. पूर्वेकडे आजोबा पर्वत व सह्याद्रीची मुख्य रांग असून तिच्या पलीकडे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका लागतो. तेथील कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य इ.स. १९८६ मध्ये घोषित झाले. शहापूर तालुक्याच्या उत्तर व पश्चिम भागात तानसा अभयारण्याचा (स्थापना इ.स. १९७०) मोठा हिस्सा येतो. मुरबाड तालुक्याच्या आग्नेयेस भीमाशंकर अभयारण्य (स्थापना इ.स. १९८५) असून त्याचा काही भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो. अशा रीतीने हा परिसर तीन अभयारण्यांमधील दुवा ठरतो.

येथील वने प्रामुख्याने पानझडी असून साग, ऐन, मोह, आंबा, पळस हे वृक्ष व करवंदाच्या जाळ्या आढळतात. पावसाळी भातशेती हा मुख्य व्यवसाय आहे. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी व वारली या आदिवासी जमातींची आणि कुणबी, आगरी आदी समाजांची वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. जंगल, भातखाचरे, गायरान आणि घरे एकमेकांना लागून असल्यामुळे जंगल कोठे संपते व गाव कोठे सुरू होते, अशी स्पष्ट सीमा बहुतेक ठिकाणी आखता येत नाही. बिबट्याच्या दृष्टीने तर ती सीमा अस्तित्वातच नसते.

नाव

प्रमाण मराठीत या प्राण्यास बिबट्या किंवा बिबळ्या म्हणतात. ग्रामीण बोलींत मात्र ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघ आणि बिबट्या या दोहोंसाठी सर्रास वापरला जातो. जुन्या आठवणी, गाऱ्हाणी किंवा देवस्थानांच्या कथा अभ्यासताना त्यातील ‘वाघ’ कोणता, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

इतिहास

ब्रिटिश काळात ठाणे जिल्ह्याच्या जंगलांत पट्टेरी वाघ व बिबट्या हे दोन्ही प्राणी आढळत. हिंस्र श्वापदे मारणाऱ्यास बक्षीस देण्याचे तत्कालीन सरकारी धोरण, शिकारीचा छंद, रेल्वे व शहरांसाठी झालेली लाकूडतोड आणि भक्ष्य प्राण्यांची घट यांमुळे दोघांचीही संख्या रोडावली. वाघाला मोठे भक्ष्य व विस्तीर्ण अधिवास लागत असल्याने तो येथे टिकू शकला नाही. बिबट्या मात्र उंदरापासून वासरापर्यंत कोणत्याही आकाराच्या भक्ष्यावर गुजराण करतो, तुटपुंज्या आडोशात दिवस काढतो आणि माणसाची चाहूल टाळून रात्री फिरतो. या लवचिकपणामुळे तो तगून राहिला.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये बिबट्याला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि त्याची शिकार गुन्हा ठरली. पुढील दशकांत घाटमाथ्याच्या पूर्वेस धरणे व कालवे झाले आणि उसाचे क्षेत्र वाढले. उंच, दाट व बारमाही उसाने बिबट्याला लपण्यास व पिल्ले वाढवण्यास जागा दिली. कोकणच्या बाजूस ऊस नाही, तेथे हीच गरज जंगलाचे तुकडे, ओढ्याकाठची झाडी आणि धरणांभोवतीचे राखीव वन भागवतात.

देशव्यापी गणनेच्या अंदाजानुसार इ.स. २०१८ मध्ये भारतात १२,८५२ व महाराष्ट्रात १,६९० बिबटे होते. इ.स. २०२२ च्या अंदाजात हे आकडे अनुक्रमे १३,८७४ व १,९८५ असे आहेत. ही गणना प्रामुख्याने व्याघ्र अधिवासातील वनांत झालेली असल्याने शेतशिवारात राहणारे अनेक बिबटे तिच्या कक्षेबाहेर राहतात.

भक्ष्य प्राण्यांवरील परिणाम

वन्य भक्ष्य

परिसरात भेकर, रानडुक्कर, ससा, साळिंदर, वानर, माकड व मोर हे बिबट्याचे संभाव्य वन्य भक्ष्य आढळते. मोठ्या मांसभक्षकाच्या उपस्थितीचे परिणाम केवळ मारल्या गेलेल्या जनावरांपुरते मर्यादित नसतात. भीतीमुळे भक्ष्य प्राण्यांच्या चरण्याच्या जागा, वेळा आणि कळपांचे आकार बदलतात व त्याचा परिणाम वनस्पतींवरही होऊ शकतो. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात इ.स. १९९५ व १९९६ मध्ये ३१ लांडगे पुन्हा सोडण्यात आले. त्यानंतर तेथील एल्क हरणांची संख्या व वर्तन यांत झालेले बदल हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. मात्र या बदलांपैकी किती बदल लांडग्यांमुळे आणि किती अस्वले, मानवी शिकार व हवामान यांमुळे झाले, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

हे उदाहरण सह्याद्रीच्या पायथ्याला जसेच्या तसे लावता येत नाही. यलोस्टोनमध्ये लांडग्यांसमोर विपुल वन्य भक्ष्य होते. येथे सरपण, चराई, वणवे आणि चोरट्या शिकारीमुळे वन्य भक्ष्य विरळ आहे. परिणामी बिबट्याच्या आहाराचा मोठा भाग माणसाभोवती जगणाऱ्या जनावरांतून येतो.

भटकी कुत्री

अकोले तालुक्यातील शेतीप्रधान भागात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचे विश्लेषण केले. इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या एकूण भक्ष्याच्या वजनापैकी सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव व गावठी प्राण्यांचा आढळला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्या संख्येने कुत्र्यांच्या सुमारे सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. शेळ्या रात्री बंदिस्त असतात व दिवसा राखणीखाली चरतात, तर कुत्री रात्री मोकळी हिंडतात. बिबट्या सहज हाती लागणारे भक्ष्य निवडतो, हा या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसराविषयी इ.स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात तेथील बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खात असावेत, असा अंदाज मांडला आहे. त्यामुळे कुत्रे चावण्याच्या सुमारे १,००० घटना टळत असाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, उघड्यावरील कचरा, खाटीकखान्यांचे टाकाऊ मांस आणि कुक्कुटपालन केंद्रांबाहेर फेकलेले मेलेले पक्षी यांवर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो. त्यामुळे कचऱ्याची विल्हेवाट हा बिबट्या व्यवस्थापनाचाही प्रश्न ठरतो.

मानवी समाजावरील परिणाम

पशुधनाची हानी

अल्पभूधारक किंवा भूमिहीन कुटुंबासाठी शेळी ही अडीअडचणीला विकता येणारी पुंजी असते. आजारपण, लग्न किंवा पेरणीच्या खर्चासाठी राखलेली दोन-तीन जनावरे एका रात्रीत गेल्यास त्या कुटुंबाचे वर्षाचे गणित बिघडते. तालुक्याच्या एकूण पशुधनाच्या तुलनेत ही हानी अल्प असली, तरी तिचा भार मोजक्या आणि बहुधा सर्वांत गरीब घरांवर पडतो. कुडाच्या भिंती, दार नसलेले गोठे व अंगणात बांधलेली वासरे या बाबी हानी वाढवतात. बिबट्या कोंडलेल्या जागेत शिरल्यास घाबरलेल्या जनावरांपैकी एकाहून अधिक मारली जाण्याची शक्यता असते.

माणसांवरील हल्ले

माणूस हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य नाही. तरीही हल्ले होतात आणि त्यात लहान मुले, एकटी फिरणारी माणसे व खाली वाकून काम करणाऱ्या व्यक्ती यांना धोका अधिक असतो. पहाटे मोहाची फुले वेचणे, सरपण किंवा करवंदे आणण्यासाठी झाडीत जाणे, उघड्यावर शौचास बसणे आणि अंधारात पायवाटेने पाड्यावर परतणे हे या परिसरातील जोखमीचे प्रसंग होत. एक मृत्यूही संपूर्ण पंचक्रोशीचे दैनंदिन जीवन बदलून टाकतो. मुलांचे शाळेत जाणे, सांजवेळी गुरे आणणे आणि रात्री भाताच्या खळ्यावर राखणीला झोपणे या सर्वांवर भीतीचे सावट येते.

त्याच वेळी, बिबट्याची उपस्थिती म्हणजे हल्ला असे समीकरण नाही. अकोले परिसरात दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक लोकवस्ती असताना दर १०० चौ. किमी क्षेत्रात सरासरी ४.८ प्रौढ बिबटे असल्याचे इ.स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्या अभ्यासक्षेत्रात बिबट्याने माणूस मारल्याची नोंद नव्हती. बिबट्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बसवून केलेल्या अभ्यासातून ते दिवसा झाडीत दडून राहतात व रात्री माणसे झोपल्यावर घरांच्या जवळून फिरतात, असे आढळले.

पकडून अन्यत्र सोडण्याचे परिणाम

बिबट्या दिसताच पिंजरा लावून त्याला दूरच्या जंगलात सोडावे, ही मागणी सर्वत्र होते. या पद्धतीचा सर्वांत मोठा धडा मुरबाडच्या शेजारील जुन्नर वनविभागात मिळाला. तेथे फेब्रुवारी २००१ पासून २००३ पर्यंत प्रामुख्याने पशुधनाच्या हानीमुळे पकडलेले २९ बिबटे सरासरी सुमारे ४० किमी अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले. त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांचे प्रमाण वर्षाला सरासरी ४ होते, ते या काळात १७ वर गेले. बिबटे सोडलेल्या ठिकाणांच्या आसपासही हल्ले झाले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांचा याविषयीचा शोधनिबंध इ.स. २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

याची कारणे बिबट्याच्या स्वभावात आहेत. प्रौढ बिबट्या स्वतःचे क्षेत्र राखून राहतो. अनोळखी जागी सोडल्यावर तो परतण्याचा प्रयत्न करतो आणि वाटेत अपरिचित वस्त्यांतून जातो. पकडताना व पिंजऱ्यात असताना झालेला ताण त्याच्या वर्तनावर परिणाम करू शकतो. दरम्यान त्याच्या मूळ क्षेत्रात दुसरा, बहुधा तरुण बिबट्या येतो. अशा रीतीने एका गावाची तक्रार मिटवताना दोन ठिकाणी नवा प्रश्न उभा राहतो. अकोल्यातील अभ्यासातही स्थलांतरित केलेल्या दोन बिबट्यांची वावरक्षेत्रे (४२ व ६५ चौ. किमी) स्थानिक बिबट्यांच्या क्षेत्रांपेक्षा (८ ते १५ चौ. किमी) बरीच मोठी आढळली.

‘आजोबा’ बिबट्याचा प्रवास

इ.स. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका प्रौढ नर बिबट्याला वनविभागाने बाहेर काढले. त्याला जीपीएस पट्टा बसवून माळशेज घाट परिसरात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला हा बिबट्या सुमारे महिनाभरात १२० किमीच्या आसपास अंतर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने कसारा परिसरातील लोहमार्ग, मुंबई–आग्रा महामार्ग, वसईचा औद्योगिक पट्टा आणि खाडी पार केली. या प्रवासात त्याने कोणत्याही माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईजवळ वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. शरीरातील सूक्ष्म चकतीवरून त्याची ओळख पटली. या घटनेवर आधारित ‘आजोबा’ हा सुजय डहाके दिग्दर्शित मराठी चित्रपट इ.स. २०१४ मध्ये प्रदर्शित झाला.

सह्याद्रीपासून मुंबईपर्यंतची जंगले बिबट्यासाठी अजूनही जोडलेली आहेत आणि शहापूर–मुरबाडचा पट्टा हा त्या वाटेचा भाग आहे, हे या प्रवासाने दाखवून दिले.

वाघोबा आणि स्थानिक श्रद्धा

ठाणे व पालघर जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत वाघोबा किंवा वाघदेवाची पूजा रूढ आहे. वाघाची आकृती कोरलेले, शेंदूर लावलेले लाकूड किंवा दगड गावाच्या सीमेवर अथवा रानात उभे केलेले असतात. राम्या नायर व सहकाऱ्यांनी इ.स. २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांत मिळून सुमारे १५० वाघोबा स्थानांची नोंद केली आहे. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेच्या दिवशी, सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना महादेव कोळी, ठाकूर आदी समाज ‘वाघबारस’ साजरी करतात. गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात आणि गुरांना व माणसांना अभय मागतात.

या श्रद्धेचे स्वरूप देवाणघेवाणीचे आहे. पूजा चुकल्यास वाघ कोपतो आणि मान राखल्यास तो गुरांना हात लावत नाही, अशी समजूत असते. त्यामुळे झालेली हानी सोसण्याची काही एक मानसिक चौकट मिळते. तथापि केवळ श्रद्धेमुळे संघर्ष टळतो असे मानणे योग्य नाही. वाघोबाला मानणारी कुटुंबेही शेळी गेल्यावर भरपाई मागतात आणि माणूस दगावल्यावर पिंजरा लावण्याची मागणी करतात.

लांडग्याशी तुलना

महाराष्ट्रात मानवी वस्तीत राहणारा दुसरा मोठा मांसभक्षक म्हणजे भारतीय लांडगा (कॅनिस लुपस पॅलिपेस). दख्खनमधील नमुन्यांवरून विल्यम हेन्री साइक्स यांनी इ.स. १८३१ मध्ये त्याचे वर्णन केले. तो मूलतः घाटमाथ्याच्या पूर्वेकडील कोरड्या माळरानांचा रहिवासी आहे. इ.स. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३,१७० प्रौढ लांडगे असून त्यांपैकी सुमारे ३९६ महाराष्ट्रात आहेत. बिबट्याच्या तुलनेत ही संख्या अल्प आहे. माळरानांना दीर्घकाळ ‘पडीक जमीन’ समजले गेल्याने लांडग्याचा अधिवास झपाट्याने घटला आहे. पुणे जिल्ह्यात भटक्या कुत्र्यांशी होणारा संकर हाही त्याच्यासमोरील धोका आहे.

या दोन प्राण्यांना जोडणारा दुवा म्हणजे धनगर मेंढपाळ. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतील मेंढपाळ पावसाळ्यानंतर मेंढ्यांचे कळप घेऊन घाट उतरून ठाणे जिल्ह्यात येतात. खतासाठी शेतात मेंढ्या बसवून त्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेण्याची पद्धत आहे. माळावर त्यांना लांडग्यापासून, तर कोकणात बिबट्यापासून कळप राखावा लागतो. जाळीचे कुंपण, राखणीची कुत्री, शेकोटी आणि रात्रीचा पहारा हे त्यांचे पारंपरिक उपाय दोन्हीकडे सारखेच आहेत.

शासकीय धोरण व नुकसानभरपाई

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने इ.स. २०११ मध्ये मानव–बिबट्या संघर्षाच्या व्यवस्थापनासाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. केवळ बिबट्या दिसला म्हणून त्याला पकडू नये, जमाव नियंत्रणात ठेवावा आणि स्थलांतर हा सर्वसाधारण उपाय मानू नये, हा त्यांचा आशय आहे. माणसांवर वारंवार हल्ले करणाऱ्या बिबट्याला पकडण्याचा किंवा अखेरचा उपाय म्हणून ठार करण्याचा आदेश राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. कायमचे बंदिस्त ठेवावे लागणारे अनेक बिबटे जुन्नरजवळील माणिकडोह येथील निवारा केंद्रात ठेवले जातात, मात्र अशा केंद्रांची क्षमता मर्यादित आहे. इ.स. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात लागोपाठ झालेल्या मृत्यूंनंतर बिबट्यांच्या नसबंदीचा विषयही राज्यस्तरावर चर्चेत आला.

महाराष्ट्र शासनाने वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना देण्याचे अर्थसाहाय्य इ.स. २०२३ मध्ये २५ लाख रुपये केले. जनावर दगावल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यांपैकी कमी असलेली रक्कम मिळते. त्यासाठी घटना तातडीने वनकर्मचाऱ्यांना कळवणे, मृत जनावर जागेवरून न हलवणे आणि पंचनामा होणे आवश्यक असते. दुर्गम पाड्यांवर दूरध्वनीचे जाळे क्षीण असणे व कागदपत्रांचा अभाव यांमुळे ही प्रक्रिया अवघड होते. वेळेत मिळालेली भरपाई बिबट्याविषयीचा रोष कमी करते. उशीर झाल्यास विषप्रयोग, फासे किंवा वणवे लावण्यासारख्या कृत्यांचा धोका वाढतो.

प्रतिबंधक उपाय

• रात्री जनावरे पक्क्या भिंतींच्या किंवा मजबूत जाळीच्या, छत व दार असलेल्या गोठ्यात बंद करणे.
• घरालगतचे गवत व झुडपे काढणे आणि पाड्याच्या वाटांवर दिवे लावणे.
• कचरा व मेलेली जनावरे उघड्यावर न टाकणे आणि भटक्या कुत्र्यांची संख्या नियंत्रित करणे.
• अंधार पडल्यावर मुलांना एकटे न सोडणे आणि रात्री बाहेर जाताना विजेरी, काठी व सोबत घेणे.
• बिबट्या दिसल्यास पाठलाग किंवा दगडफेक न करणे आणि त्याला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवणे.
• आईपासून दुरावलेली पिल्ले आढळल्यास हात न लावता वनविभागास कळवणे.

अधिवासासमोरील आव्हाने

मुंबईचा विस्तार हे या पट्ट्यासमोरील मोठे आव्हान आहे. मुंबई–नाशिक महामार्ग व मध्य रेल्वेचा कल्याण–कसारा मार्ग शहापूर तालुक्यातून जातात, तर कल्याण–अहिल्यानगर महामार्ग मुरबाडमार्गे माळशेज घाट चढतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला असून तोही शहापूर तालुक्यातून जातो. फार्महाऊस, गृहप्रकल्प, गोदामे व डोंगरांवरील खाणकाम यांमुळे जंगलाचे तुकडे होत आहेत. रस्ते अपघात हे बिबट्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण बनले आहे. वन्य प्राण्यांसाठी भुयारी किंवा उन्नत मार्ग तेव्हाच उपयोगी पडतात, जेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंचे जंगल शाबूत असते.

तानसा व भातसा जलाशयांभोवतीची वने मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी राखली गेली आणि त्यांच्या आश्रयाने वन्यजीवही टिकले. शहराला या रक्षणाचा लाभ पाण्याच्या रूपाने मिळतो, मात्र बिबट्याच्या सान्निध्याची किंमत डोळखांबसारख्या भागांतील पाडे मोजतात. त्यामुळे गोठ्यांसाठी साहाय्य, वेळेवर भरपाई आणि पाड्यांपर्यंत वीज व शौचालये पोहोचवणे हे संवर्धनाचेच घटक समजावेत, असे मत मांडले जाते.

हे सुद्धा पहा

• बिबट्या
• भारतीय लांडगा
• तानसा अभयारण्य
• कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य
• संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
• माळशेज घाट
• वसुबारस
• वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२